पहिली फोड

"आमटीत मीठ कमी आहे," सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवरून पुटपुटल्या. कुणाला ऐकू जाऊ नये असं, पण सुनेला नेमकं ऐकू जाईल इतपत.

नम्रताने पोळी तव्यावर तशीच सोडली आणि ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले.

पाच महिने सासूबाईंना वरण मातीसारखं आणि श्रीखंडही मातीसारखंच लागत होतं. केमोने केस गेले, त्याचं त्यांनी काही वाटून घेतलं नव्हतं. "तेलाची बाटली पुरेल आता वर्षभर," एवढंच म्हणाल्या. जीभ गेली तेव्हा मात्र गप्प झाल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत आलेल्या बाईने दुसरं करायचं तरी काय?

एप्रिलमध्ये शेवटची केमो झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांत चव परत यायला हवी. आली की निश्चिंत व्हा. नाही आली, तर पुन्हा सगळ्या तपासण्या करू. त्या 'पुन्हा'बद्दल येरवड्याच्या त्या घरात नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि जुलैत हे मीठ कमी निघालं. दुसऱ्या दिवशी भाजीत निघालं, तिसऱ्या दिवशी कढीत. तसं सासऱ्यांना, उत्तरेश्वररावांना, रक्तदाब निघाल्यापासून या घरात मीठ कमीच पडायचं, पण त्याची कुरकुर करणारं माणूस परत आलं होतं. मग आनंदला खीर अगोड लागली, तर आईलाही अगोडच लागली. "मायलेकांची जीभ एकच," उत्तरेश्वरराव म्हणाले.

जेवायला सुशीलाबाई अजूनही सगळ्यांच्या शेवटी बसत. नम्रता रागवायची. "सवय आहे गं," त्या म्हणत, आणि आनंदने घास घेतला की त्याच्या तोंडाकडे बघत राहत.

आनंदच्या खराडीच्या कंपनीने त्याला डब्लिनला पाठवायचं ठरवलं होतं. तीन वर्षं, दोघांनीही जायचं, नम्रतालाही तिथे काम मिळण्यासारखं. आईच्या आजारपणात तो दोनदा नाही म्हणाला होता. तिसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं, आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. नम्रताने तर गेल्या वर्षी नोकरीच सोडली होती. ती ऑफिसचा लॅपटॉप परत करून आली, त्या दिवसापासून सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

"जा की आता," त्या म्हणाल्या. "मी काय आजारी आहे? उलट तू गेलीस की खारट-आळणी माझं मी बघीन."

"तुम्ही मला हाकलायलाच बसलाय, आई."

"फार उशिरा लक्षात येतं तुझ्या."

उत्तरेश्वररावांचा जीव मात्र गच्चीत अडकला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबुराव नावाच्या मित्राच्या सासवडच्या शेतातून त्यांनी ड्रॅगन फ्रूटची एक कांडी आणली होती. अर्ध्या कापलेल्या पिंपात सिमेंटचा खांब, खांबाच्या डोक्यावर स्कूटरचं टायर आणि त्यावरून लोंबणारा तो काटेरी निवडुंग. "घरात काटे कशाला लावता?" असं शेजारच्या इंदुबाईंनी विचारलं, तेव्हा, "माणसं दूर राहावीत म्हणून," असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

तीन वर्षांनी यंदा एक फूल आलं. रात्री उमललेलं फूल मिटायच्या आत, भल्या पहाटे, म्हाताऱ्याने रंगाच्या ब्रशने त्याचे पराग त्यालाच लावले. एकच फळ धरलं. बाजारातलं ड्रॅगन फ्रूट घरात आणायला त्यांनी सक्त मनाई केली होती. पहिलं खायचं तर घरचं. त्यामुळे ते लागतं कसं, हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबुरावांनी फोनवर बजावलं होतं, लाल झालं तरी आठवडाभर झाडावरच राहू द्या. पण बुलबुल घिरट्या घालायला लागले, आणि सोमवारही जवळ आला. शनिवारी त्यांनी फळ उतरवलं.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली आणि चौघं टेबलाभोवती बसली. फळ बाहेरून लग्नातल्या शालूसारखं, आत पांढरं फटक, त्यात तीळ पेरल्यासारख्या काळ्या बिया. उत्तरेश्वररावांनी चार फोडी केल्या.

"पहिली सुशीलाची."

"अहो, मी शेवटी घेते. आनंदला द्या."

"आज नाही. तीन वर्षं थांबलंय हे तुझ्यासाठी."

"मग नम्रताला."

"आई, घ्या ना," म्हणत नम्रताने फोड त्यांच्या हातातच ठेवली.

सुशीलाबाईंनी तिघांच्याही तोंडाकडे पाहिलं. अजून कुणीच खाल्लं नव्हतं. त्यांनी फोड तोंडात घातली, डोळे मिटून सावकाश चावली.

"साखर," त्या म्हणाल्या. "अहो, नुसती साखर. आणि मागून थोडी आंबट झाक. कळवा तुमच्या बाबुरावांना."

उत्तरेश्वररावांचा चेहरा उजळला. आनंदने हसत हसत मोबाईल हातात घेतला. "मग मी पण आजच कळवून टाकतो," म्हणत त्याने आपली फोड तोंडात टाकली. दोनदा चावली. मग त्याचा अंगठा मोबाईलवर नुसताच राहिला.

उत्तरेश्वररावांनी आपली फोड खाल्ली. हातातली साल ताटलीत ठेवली.

"गोड आहे," ते म्हणाले.

"हो," आनंद म्हणाला. "गोड आहे."

नम्रताने उरलेली फोड घेतली. जिभेवर गार पाणी आल्यासारखं वाटलं, दाताखाली बिया करकरल्या. तिने पुन्हा चावून पाहिलं. बापलेक मान खाली घालून बसले होते. सासूबाई तेवढ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तोंडावर हसू तसंच, आणि मान बारीकशी हलत होती, म्हण, म्हण, असं सांगत असल्यासारखी.

नम्रताने घास गिळला.

"आई," ती म्हणाली, "याला कसलीच चव नाही."