अकरावा ठोका

"किती वाजले रे?" गिरिजाने तिसऱ्यांदा विचारलं.

"साडेदहा. सारखं विचारून घड्याळ काही मागे जाणार नाहीये," प्रसन्न म्हणाला आणि त्याने चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला.

एप्रिलचा दुसरा शनिवार. आठवडाभर फ्रीमाँटच्या ट्रॅफिकमध्ये पिचलेले हे नवरा-बायको ताहोच्या डोंगरात, लिफ्ट वगैरे काही नसलेल्या बाजूला, पायांत स्की अडकवून तीन तास चढून आले होते. समोर तो उतार होता. उभा, पांढराशुभ्र, कुणाचीही रेघ न उमटलेला. प्रसन्न महिनाभर ऑफिसात त्याचाच फोटो स्क्रीनवर लावून बसला होता.

गिरिजाला मात्र तो उतार नको होता. तिला नववा आठवडा लागला होता आणि प्रसन्नला त्याचा पत्ता नव्हता.

मागच्या वर्षी सहाव्या आठवड्यातच त्याने कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला फोन लावला होता. या माणसाच्या पोटात काही राहील तर शपथ! सासूबाईंनी दोन दिवसांत अख्ख्या धरमपेठेत बातमी फिरवली, एका काकूंनी टोपरं विणायला घेतलं, आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मग महिनाभर एकेकीचे फोन. 'असू दे गं, होतं असं.' प्रत्येक फोननंतर गिरिजा नव्याने रडली. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नसतं, असं तिची आई सांगत होती ते तिला तेव्हा पटलं. या खेपेला तिने ठरवूनच टाकलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याला सांगणं म्हणजे नागपूरला सांगणं.

पण ही ट्रिप जानेवारीतच ठरलेली. बरं नाही म्हणावं, तर त्याने उचलून डॉक्टरकडे नेलं असतं. थोडं चढू आणि काहीतरी निमित्त काढून परत फिरू, असं मनाशी म्हणत ती आली होती. आता निमित्त सुचत नव्हतं. त्या उतारावर एकदा जोरात आपटलं की झालं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. 

"बर्फाची टेस्ट केल्याशिवाय मी उतरणार नाही," ती म्हणाली.

"कर ना! मॅडम तुम्हीच." अ‍ॅव्हलांचचा, म्हणजे उतारावरचा बर्फ कधी कोसळेल ते ओळखण्याचा, तीन दिवसांचा कोर्स दोघांत फक्त तिने केला होता, आणि या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असायचा.

उताराच्या कडेला तिने फावड्याने कमरेइतका खड्डा खणला. एका बाजूला फूटभर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा केला आणि त्यावर फावडं पालथं ठेवलं. आता वरून ठोकायचं. दहा ठोके मनगटाने, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. मध्येच खांब तुटून सरकला तर आतला थर कच्चा, आणि जितक्या लवकर सरकेल तितका उतार वाईट.

प्रसन्न पाठमोरा बसून स्कीच्या तळाच्या चढाईच्या पट्ट्या सोडवत होता. वाऱ्यात ठपठप ऐकू येत होती. पट्ट्यांच्या घड्या घालून त्याने सॅकमध्ये भरल्या, पाणी प्यायला.

"अकरा!" गिरिजा ओरडली.

"अकराच?"

"अकराव्याला गेला. ये, बघ."

त्याने येऊन वाकून बघितलं. खांबाचा वरचा अर्धा भाग खड्ड्यात आडवा पडला होता.

"च्यायला! अगं, पण रात्री मस्त गोठलंय यार. मघाशी पायसुद्धा रुतत नव्हता. मी एकटा जातो आधी, तू इथून बघ."

"प्रसन्न, नाही म्हणजे नाही." तिचा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"बरं बाई, बरं! त्यात रडायचं काय? कॅन्सल. चल."

आलेल्याच वाटेने, झाडांमधून, दोघं हळूहळू खाली निघाले. प्रसन्न धुसफुसत होता. गिरिजाला हायसं वाटलं होतं, पण त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवत नव्हतं. तीन महिने झाले की सगळं सांगून माफी मागू, असं तिने ठरवलं.

अकरा वाजून गेले असतील, ऊन चांगलंच तापलं होतं. मागे खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला. दोघंही वळले. तो अख्खा उतार, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खाली येत होता. पायथ्याची झाडं काडकाड मोडली. मिनिटभरात सगळं शांत झालं आणि वर नुसती काळी माती दिसायला लागली.

प्रसन्न काठ्या टाकून तिच्याजवळ सरकला.

"आत्ता आपण मधोमध असतो," तो पुटपुटला. मग त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "आणि मी तुझ्याशी वाद घालत होतो! गिरिजा, आईशप्पथ, यापुढे तू फक्त हो म्हण, मी डोळे मिटून उतरेन."

गिरिजाने वर त्या काळ्या मातीकडे बघितलं. खड्ड्यात तिने पूर्ण तीस ठोके मारले होते, आणि खांब जागचा हलला नाही, म्हणून शेवटी गुडघ्याने ढकलून पाडला होता.