साहेबांच्या मागची खुर्ची

"मंचावर दूध सांडलंय का रे?" पर्सेलनं फोटो टेबलावर आपटला. "साहेबांच्या मागे एकजात गोरी थोबाडं! मतदारसंघातली निम्मी वस्ती काळी आहे, ग्रेडी. शनिवारच्या सभेत मागच्या खुर्च्यांवर काळे चेहरे दिसले नाहीत, तर रविवारी तू अटलांटाची बस धर."

ग्रेडीचं तोंड एवढंस्सं झालं. साहेब म्हणजे वेन हॉलिस्टर, जॉर्जियाच्या विधानसभेसाठी उभे होते. पर्सेल त्यांचा प्रचारप्रमुख. मंच सजवायचा आणि कॅमेऱ्यात साहेबांच्या पाठीमागे कोण दिसेल ते ठरवायचं, एवढ्याचसाठी ग्रेडीला अटलांटाहून आणलं होतं. ही नोकरी गेली तर पुन्हा आईच्या घरी, तळघरातल्या खाटेवर. तिशी उलटलेल्या माणसाला ते नको वाटणारच.

शनिवारी तो फाटकाशी डोळ्यांत तेल घालून उभा राहिला. पूर्वेकडच्या काळ्या वस्तीतून हॉलिस्टरसाहेबांच्या सभेला कोण कशाला मरायला येतंय? तेवढ्यात एक बाई आली. साठीची, ठसठशीत, डोक्यावर जांभळी हॅट, आणि रांगेतल्या एकेकाचा हात हातात घेऊन "कसे आहात?" विचारत येणारी. ग्रेडीला वाटलं, देवच पावला.

"तुमच्या साहेबांशी दोन शब्द बोलायचेत मला," ती म्हणाली.

"नंतर बोला हो. आधी चला, तुम्हाला झकास जागा देतो. साहेबांच्या अगदी मागे."

बाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे कॅमेऱ्यात?"

"अगदी बरोब्बर साहेबांच्या खांद्याशी. तासभर."

"अगं बाई! सिनेमात आमच्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकतात. इथे तासभर जिवंत ठेवताय, मग नाही कशाला म्हणू?"

ग्रेडी खो खो हसला. नाव विचारलं तर म्हणाली, "सगळे मिस जिनी म्हणतात." त्याला तेवढं पुरे होतं. त्यानं साहेबांच्या नावाची पाटी पुढे केली. ती मात्र तिनं घेतली नाही.

"पाटी नको रे बाळा, खांदा दुखतो माझा. मी आपली हात हलवीन."

आणि काय हात हलवला तिनं! गाणं लागलं, सभा टाळ्या वाजवायला लागली, तशी ती ग्रेडीकडे वाकून कुजबुजली, "अरे, पहिल्या ठोक्यावर नाही, दुसऱ्या ठोक्यावर वाजव! गाणं आहे का कवायत?" ग्रेडीनं तिचं बघून टाळी धरली. चुकला, पुन्हा धरली. या गावात आल्यापासून इतकी मजा त्याला कधीच आली नव्हती.

साहेबांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. भाषण संपलं की ते थेट गाडीत. मागे कोण बसलंय ते बघायचं काम ग्रेडीचं.

पुढच्या सभेला मिस जिनी चर्चमधल्या तीन मैत्रिणी घेऊन आली. पर्सेलनं चक्क पाठ थोपटली. सभा सुटल्यावर ग्रेडीनं खुशीत चौघींना तळलेला मासा खाऊ घातला.

"मला सांग," मिस जिनी म्हणाली, "टीव्हीवाल्यांनी एवढं बोलावलं, तरी तुमचे साहेब समोरासमोर वादाला का उभे राहत नाहीत?"

"समोर कुणी हवं ना! तो मॅकफॅडन कुणी पाहिलाय का? टीव्हीवर जाहिरात नाही, रस्त्यावर फलक नाही. खिशात दमडी नसणार बिचाऱ्याच्या."

"टीव्ही भलता महाग असतो म्हणतात," असं म्हणून तिनं माशावर तिखट शिंपडलं.

मैत्रिणींना असं काही हसू फुटलं की एकीला ठसका लागला. तिची पाठ चोळावी लागली.

"काय झालं हो?" ग्रेडीनं विचारलं.

"काही नाही रे. मासा तिखट आहे."

मग पर्सेलनं पूर्वेकडच्या घरांसाठी खास रंगीत पत्रक छापून घेतलं. साहेब हात उंचावून बोलताहेत, आणि मागे मिस जिनी तोंडभर हसतेय. खरं तर नजर आधी तिच्यावरच जात होती.

"हे तिकडे चाललं," पर्सेल म्हणाला, "तर साहेबांच्या विधानसभेतल्या कचेरीत तुझी खुर्ची पक्की समज."

ग्रेडीनं गठ्ठे गाडीत टाकले आणि स्वतःच दारोदार निघाला. मनातून टरकलाच होता. हॉलिस्टर म्हटलं की इथे दारं धाडकन लागतात, असं ऐकून होता. पण झालं भलतंच! पहिल्याच घरातली बाई पत्रक बघून टाळ्या पिटायला लागली. "आमच्या घरातली सगळी मतं पक्की!" म्हणाली, आणि बहिणीकडे पाठवायला आणखी मूठभर घेतली. न्हाव्यानं काचेवर चिकटवलं. शाळेच्या बसवाल्यानं खिडकीतून हात काढून मागून घेतलं. कुणी थंडगार गोड चहा पाजला, कुणी पीचचा केक हातावर ठेवला. ग्रेडीचे डोळे भरून आले. माणसं इतकी चांगली असतात, उगीच घाबरलो, असं त्याला वाटलं.

रस्त्यातूनच त्यानं पर्सेलला फोन लावला. "पूर्व आपली! नुसत्या उड्या पडताहेत!"

"शाब्बास रे पठ्ठ्या! आता स्वतःचं घर शोधायला लाग!"

शेवटच्या घराच्या ओसरीवर एक म्हातारा झुलत्या खुर्चीत बसला होता. त्यानं चष्मा चढवला, पत्रक जवळ धरलं, लांब धरलं, आणि पोट धरून हसला. हसू आवरल्यावर त्यानं ग्रेडीला शेजारी बसवून घेतलं.

"फोटो फक्कड आलाय," तो म्हणाला. "पण मला एक सांग, लेका. जिनी मॅकफॅडनच्या विरोधात उभं राहायचं आणि तिचाच फोटो पदरच्या खर्चानं घरोघर वाटायचा, ही अक्कल तुमच्या साहेबांना दिली कुणी?"