चाळीस मिनिटांचा उतार

“दुर्बिणीखाली सपाट माउंट नको, मिस्त्री. या वेळी उताराचा बसवा,” भूमितीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी रायफलची पेटी टेबलावर आडवी ठेवली.

का, असं मिस्त्रींनी विचारलं नाही. बायको जाऊन चौदा महिने झाले होते, आणि कामापुरतं सोडलं तर तेव्हापासून त्यांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं. रडूही आलं नव्हतं. ‘रडा, मोकळे व्हा,’ असं जो तो सांगून गेला, त्यांनी मान डोलावली. पहिले पंधरा दिवस नेमबाजी क्लबातली माणसं घरी येऊन बसली, मग आपापल्या मार्गाला लागली. क्लबाच्या मागच्या खोलीतलं त्यांचं रायफल-दुरुस्तीचं वर्कशॉप दीड महिना बंदच होतं. तेव्हा एका शनिवारी या बाई रायफल घेऊन थेट घरी आल्या. “चाप जड लागतोय,” म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. नाइलाजाने मिस्त्रींनी किल्ली उचलली होती.

त्यानंतर बाई दर महिन्याला येत. कधी दुर्बिणीच्या कड्या सैल, कधी काच धूसर, कधी दस्ता खांद्याला टोचतो. शाळेत कोन शिकवणाऱ्या बाईंच्या हातात एकही वस्तू धड राहत नाही, एवढंच मिस्त्रींच्या मनात येई. तेही धड येत नसे.

त्यांनी खणातून दुर्बिणीखाली बसणारे तीन माउंट काढले. एक सपाट, एक वीस मिनिटांच्या उताराचा, एक चाळीस. ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, कोनाची. माउंट मागून जितका उंच, तितकं दुर्बिणीचं तोंड खाली झुकतं, आणि तितका लांबचा नेम साधता येतो.

“किती लांबवर मारणार?”

“लांब,” बाई म्हणाल्या. “चाळीसचाच बसवा.”

जुना सपाट माउंट मिस्त्रींनीच कधीतरी बसवला होता. तो उतरवताना चारही स्क्रू कुरकुरले. एकही सैल नव्हता, कुठे गंज नव्हता. त्यांनी तो बाजूला ठेवला. नव्याची बैठक पुसली, स्क्रू आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळले, वर कड्या ठेवल्या, कड्यांत दुर्बीण ठेवली, तिच्या काचेतली नेमाची फुली उभ्या रेषेत आणली. हात आपले काम करत होते, चालू ठेवलेल्या नळासारखे. मिस्त्री नुसते बघत होते.

मग त्यांनी बोल्ट काढला, रायफल शिकंज्यात धरली आणि मागची खिडकी उघडली. बाहेर क्लबाची शंभर मीटरची पट्टी होती. रायफलच्या मोकळ्या नळीतून बघत त्यांनी टोकाच्या लक्ष्याचा काळा ठिपका बरोबर मधोमध आणला. मग दुर्बिणीला डोळा लावला. फुली ठिपक्याच्या बरीच खाली होती. त्यांनी दुर्बिणीवरची चक्री फिरवली. फुली वर सरकली. आणखी फिरवली. चक्री अडली, संपली, तरी फुली ठिपक्याच्या खालीच.

मिस्त्रींनी दुर्बिणीवरून डोळा काढला. हजार मीटरचं मैदान रस्ता रुंद करताना गेलं, त्याला तीन वर्षं झाली. आता अख्ख्या गावाला ही एवढीच जागा होती, आणि या माउंटवर इथला नेम लागणं शक्य नव्हतं.

“बाई, हा तुमच्या काही कामाचा नाही.”

“माहीत आहे.”

“मग मागितलात कशाला?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “दुसरं काही सुचेना. चाप झाला, कड्या झाल्या, काच झाली. माझ्या रायफलीला कधीच काही झालं नव्हतं, मिस्त्री. दर वेळी मीच घरी बसून काहीतरी बिघडवत होते. तिने करायला लावलं.”

“कुणी?”

“तुमच्या बायकोने.”

मिस्त्रींना ते पटेना. क्लबात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. अंतिम फेरीतल्या एका गुणावरून भांडण झालं आणि अकरा वर्षं दोघी शेजारशेजारच्या चटयांवर पडून नेम धरत राहिल्या, एकमेकींशी अवाक्षर न बोलता.

“तिने मला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. शेवटच्या आठवड्यात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. म्हणाली, मी गेल्यावर तो अवजारांना हात लावायचा नाही. त्याच्यासमोर काम नेऊन ठेवत जा.”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. स्टूल ओढून ते बसले.

“तिच्या एवढ्या मैत्रिणी होत्या,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. “तुम्हालाच का सांगितलं?”

“मीही तेच विचारलं,” बाई म्हणाल्या. “तर म्हणाली, ‘त्या चार दिवस रडतील आणि घरी जातील. तू माझ्याकडून अकरा वर्षं हरत होतीस, पण एकदाही यायची थांबली नाहीस.’”