बंद पडली तर

“बंद पडली, तं फोन कोनाले करा लागन?” डोमाजींनी पुन्हा तेच विचारलं.

कुंदनने कपाळाला हात लावला. बापाची वरूडला संत्र्याच्या कलमांची नर्सरी. तिची वेबसाइट काढायची, तर दोनच रस्ते होते. एक, ती कंपनीकडे महिन्याच्या भाड्याने ठेवायची. काही बिघडलं तर त्यांची माणसं चोवीस तास हजर. दुसरा, घरातलाच जुना कॉम्प्युटर सतत चालू ठेवून त्याच्यावर चालवायची. सगळं आपल्या हातात, पण दुखणंही आपलंच.

“कंपनीची घेतली तं कंपनीले. घरची ठेवली तं मले,” तो म्हणाला. “कवा कवा मले अकोल्याहून यावंबी लागन. म्हनून सांगून राहिलो, कंपनीचीच घ्या.”

“घरचीच ठेव,” डोमाजी म्हणाले.

आता अकोल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, असं पुटपुटत कुंदनने वायरी जोडल्या.

बापलेकांत भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. पोराचा फोन आला की डोमाजी “थांब, तुह्या आईले देतो” म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. गावभर गप्पा हाणणारा माणूस, पोरापुढे मात्र तोंडाला कुलूप. मग कुंदनची आई, सत्यभामा, गेली. आता फोन द्यायचा कोणाला? हळूहळू पोराचा फोन यायचाही थांबला. घर डोमाजींना खायला उठायचं.

वेबसाइट पहिल्यांदा बंद पडली ती लाइट गेल्यामुळे. डोमाजींनी फोन लावला. कोणती वायर, कोणतं बटण, असं चाललं होतं. त्याच ओघात जेवलास का, खोकला बरा आहे का, तेही विचारून झालं. आयुष्यात पहिल्यांदा ते पोराशी एवढं बोलले. नंतर एकदा कुंदन स्वतःच आला, अमरावतीला एसटी बदलून. डोमाजींनी वांग्याची भाजी केली. तिखट हाताबाहेर गेलं. दोघं नाक ओढत जेवले आणि हसले.

पुढे मात्र ती मेली बंदच पडेना. वादळं झाली, लाइट गेली, तरी चालूच. नागपंचमी गेली, पोळा गेला. कलमांना गिऱ्हाइकं येत राहिली. त्यांचे फोन घेऊन डोमाजी कंटाळले. ते रोज सकाळी कॉम्प्युटरचा हिरवा दिवा पाहायचे आणि खट्टू व्हायचे.

शेवटी एका रविवारी त्यांनी बाजारातून वांगी आणली. दाराला आतून कडी लावली. चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. घरात पाहायला होतंच कोण? मग त्यांनी वायर उपसली. हिरवा दिवा विझला. वायर हातात धरूनच त्यांनी फोन लावला.

“कुंदन, बंद पडली रे.”

कुंदनने वेबसाइट उघडून पाहिली. “चालू तं आहे, बाबा. माह्यासमोर उघडी आहे.”

“नाई न बाप्पा, दिवा गेला. तू येऊनच पाह्य.”

“त्या दिव्याचा आता काई संबंध नाई. तुमचा जीव टांगनीले लागते म्हनून मी तिले दोन महिन्यांआधीच कंपनीवर टाकलं.” कुंदनच्या आवाजात समाधान होतं. “आता मले फोन करायचं तुमाले कामच नाई पडन.”