कुडीला बोट

ताट पहिलं

"बोला वस्ताद," जावई वही उघडून म्हणाला. "काय कमी आहे?"

वस्तादांनी रश्श्याचा चमचा तोंडात तसाच धरून डोळे मिटले. चाळीस वर्षं खानावळ चालवलेल्या माणसाने असेच डोळे मिटायचे असतात. मग एक पापणी किंचित उचलून त्यांनी समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. तिने हातातली बांगडी मागे सारली.

"मीठ," वस्ताद म्हणाले. "मीठ कमी आहे."

जावयाने लिहून घेतलं. मग पाण्याचा ग्लास रिकामा केला, दुसरा भरला, तोही रिकामा केला. परमुलखातलं ऊन, दुसरं काय.

बांगडी म्हणजे मीठ कमी. पदर सावरला की आंबट कमी. नाक खाजवलं की गोड कमी. आणि कानातल्या कुडीला बोट लावलं की जमलं, आता काही घालू नका. गिऱ्हाइकांसमोर "रश्श्यात मीठ नाही" म्हणून ओरडता येत नाही, म्हणून खानावळ उघडली त्याच वर्षी दोघांनी या खुणा ठरवल्या होत्या. वस्ताद चुलीपाशी, ती वाढपाच्या टेबलापाशी. तिची जीभ म्हणजे सोनाराचा काटा. एवढ्या वर्षांत एक खूण चुकली नव्हती.

गेल्या वर्षी वस्तादांना ताप आला. ताप गेला, पण जाताना चव घेऊन गेला. आता साखर आणि वाळू त्यांना सारखीच. हे ठाऊक फक्त बायकोला. लेकीला नाही, जावयाला तर नाहीच. खानावळ बंद केली ती वय झालं म्हणून, असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

आणि आता जावई इथे, या परक्या देशात, स्वतःचं हॉटेल उघडत होता. स्वयंपाकघर सासऱ्याच्या हाती द्यावं असं त्याच्या मनात होतं. "एक दिवस फिरू, खाऊ," तो म्हणाला होता. "इथली जीभ तुम्हाला कळेल, तुमची मला."

वस्तादांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी बसून भिंती मोजायचा त्यांना कंटाळा आला होता. बायकोला विचारलं नाही. "तुझं काय, मी तिथे तू," म्हणून मोकळे झाले. दोन दिवसांनी, आज सकाळी केस विंचरताना ती म्हणाली, "करते मी खुणा. पण मी सांगेन तेच बोलायचं."

"आजवर दुसरं काय केलं?" वस्ताद हसले होते.

मग पूल

पूल बघण्यासारखा होता म्हणे. वस्तादांना त्याच्या पायऱ्याच दिसल्या.

"तिकडे आता किती वाजले असतील गं?" बायकोने विचारलं.

"आई, सकाळपासून चौथ्यांदा विचारतेयस," लेक म्हणाली.

बायकोच्या मुठीत रुमाल होता, रुमालाच्या गाठीत घराची किल्ली.

"ती कशाला मिरवतेस?" वस्ताद धापा टाकत म्हणाले. "कुलूप काही पळून जात नाही."

"मिरवत नाही. धरलीय."

ताट दुसरं

नदीकाठची गच्ची, भन्नाट वारा, मासा. बायकोने पदर सावरला.

"आंबटपणा हवा," वस्ताद म्हणाले. "अजून एक लिंबू पिळलं असतं तर बहार आली असती."

लेकीने एक डोळा गच्च मिटला होता. "वाऱ्याने काहीतरी गेलं," ती म्हणाली.

तिथला आचारी बाहेर आला. जावयाने त्याच्या भाषेत वस्तादांचं मत सांगितलं. आचारी लालबुंद झाला, दोन शब्द पुटपुटला आणि आत गेला.

"काय म्हणाला?"

"कौतुक वाटलं त्याला तुमचं," जावई म्हणाला आणि वहीत डोकं घातलं.

ताट तिसरं

गोड. बायकोने एक चमचा खाऊन वाटी बाजूला सारली आणि नाक खाजवलं. पुढचं तेच.

मग संग्रहालय

त्यातलं बाकडं फार सुरेख होतं. वस्ताद त्यावर टेकले. पाय भरून आले होते, टाचा ठणकत होत्या.

"चुलीपुढे आठ-आठ तास उभं राहायचंय तुम्हाला," बायको शेजारी बसत म्हणाली.

"राहीन की."

"आत्ता बसल्या जागी घोरत होतात. तो पहारेकरी तुम्हालाही पुतळा समजला."

"सवय होईल. तुलाही होईल."

किल्ली तिच्या या हातातून त्या हातात गेली.

ताट शेवटचं

संध्याकाळी जावई सगळ्यांना त्याच्या हॉटेलात घेऊन गेला. रंगाचा वास अजून गेला नव्हता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघायचं होतं. रस्सा त्याने स्वतः केला होता. चार वाट्या मांडून तो उभाच राहिला.

वस्तादांनी डोळे मिटले. पापणी उचलली. बायकोचं बोट कुडीवर होतं.

वस्तादांचा जीव भांड्यात पडला. "जमलंय," ते म्हणाले. "आता काही घालू नका."

जावयाने वही मिटली. लेक उठून खिडकीपाशी गेली.

"बाबा," जावई म्हणाला. दिवसभर तो त्यांना वस्ताद म्हणत होता. "या रश्श्यात मी मीठच घातलेलं नाही."

"अं?"

"सकाळचा रस्सा खारट ढोण होता. तुम्ही मीठ कमी म्हणालात. मला वाटलं, गंमत करताय. मग मासा. लिंबाने हिचे दात आंबले. मग ते गोड, साखरेचा नुसता पाक..." तो खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसला. "खूप राबलात, बाबा. आता आराम करा. शनिवारच्या विमानात दोन जागा आहेत."

एवढ्या वर्षांत एक खूण चुकली नव्हती. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

ती रुमालाची गाठ सोडत होती. किल्ली तिने टेबलावर ठेवली, सावकाश मान वर केली आणि कुडीला बोट लावलं.