आक्काच्या वहीवरचं नाव

“आप्पा, नावाशिवाय ब्लॉग म्होरं सरकत न्हाय. काय टाकू?” नीलमनं विचारलं.

परशराम कटिंगच्या टेबलापाशी बसला होता. टेबलावर नीलमचा टॅब आणि त्याच्या बायकोच्या, मालुबाईच्या, कटिंगच्या सात वह्या. बाजूच्या मशीनच्या सुईखाली मालुबाईनं अर्धी सोडलेली बाही, ती गेल्यापासून पाच महिने तशीच होती. त्या बाहीला हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता.

उचगावच्या याच खोलीत मालुबाईनं तीस वर्षं शिवणक्लास चालवला, पोरी तिला आक्का म्हणत. नीलम तिथंच शिकली, आता बेळगावात तिचं बुटीक होतं. आक्काचं कटिंग वहीत पडून राहू नये, नव्या पोरींना बघायला मिळावं, एवढंच परशराम तिला फोनवर बोलला होता. ब्लॉग हा शब्द तिचा.

“मालू टाक.”

“नुसतं मालू? आप्पा, धंद्याचा ब्लॉग हाय. काय शिकाय मिळतंय ते नावातच कळाय पाहिजे.”

“मग मालुबाईचं कटिंग.”

“हे झ्याक हाय. आक्का असत्या तर म्हटल्या असत्या, नाव सुचायला ह्यांना मुहूर्त लागतोय.” नीलम हसली. “आणि न्हाय पटलं तर बदलता येतंय. दोन मिनिटांचं काम.”

ब्लॉगवर लावायला पहिल्या वहीचा फोटो पाहिजे होता. वहीला घातलेलं खाकी कव्हर फाटलं होतं. नीलमनं ते अलगद काढलं. आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत एकच शब्द होता.

“भागीरथी कोण, आप्पा?”

“माझी आई.” परशरामनं वही हातात घेतली. “पण आईची वही न्हवं ही. आईला कुठं लिवाय येत होतं?”

त्यानं दुसऱ्या वहीचं कव्हर काढलं. तिथंही तेच. मग तिसरीचं. सातवी वही तर गेल्या दिवाळीत त्यानंच शहापुरातून आणून दिली होती. आईला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. त्या वहीच्या कव्हराखालीही तेच नाव होतं. अक्षर मालुबाईचं.

परशरामला लग्नाचा दिवस आठवला.

नवरीचं नवं नाव लिहायला ताटातले तांदूळ त्याच्यापुढं सारले होते. सून आणि सासू एकाच नावाच्या, घरात हाक कुणाला मारायची, असं आत्या म्हणाली होती. मालू हे नाव आईनं सुचवलं. त्यानं अंगठीनं तांदळात ते लिहिलं. सगळे हसले, कुणीतरी पेढा भरवला. शेजारी बसलेली पोरगी खाली मान घालून ताटाकडं बघत होती. आवडलं का, हे त्यानं तिला विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

“तिचंच हाय,” तो म्हणाला. “माहेरचं.”

“आम्हाला कधी बोलल्या न्हाईत आक्का.”

“मला बी न्हाय.”

नीलमनं वह्या एकावर एक रचल्या. मग टॅब जवळ ओढला.

“मग मालुबाईचं कटिंगच टाकू न्हवं?”

परशरामनं नाही म्हणून मान हलवली. “भागीरथी टाक.”

“आप्पा, खानापूर-लोंढ्यापर्यंत सगळी मालुबाईंना वळखत्यात. ह्या नावानं कोण शोधणार?”

“न्हाय शोधलं तर न्हाय शोधलं. दे हिकडं. मी लिवतो.”

त्याला टाइप करता येत नव्हतं. नीलमनं बोटानं लिहायची सोय सुरू करून टॅब त्याच्यापुढं ठेवला. त्यानं बोट शर्टाला पुसलं. लग्नातली अंगठी त्याच बोटात होती, आता निघत नव्हती. काचेवर त्यानं भा काढला. वाकडा आला, पण वर सरळ उमटला. मग गी, मग र. थी नीट उमटला नाही, तो त्याला दुसऱ्यांदा लिहावा लागला. पुढचं ‘कटिंग’ नीलमनं टाइप केलं.

पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली पहिल्या वहीचा फोटो.

परशरामनं एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

“नीलम,” तो म्हणाला, “आता हे कुणाला बदलता येत न्हाय न्हवं?”

खाली कोपऱ्यात बदलाचं बटण दिसत होतं. नीलमनं टॅब हळूच आपल्याकडं वळवून घेतला.

“न्हाय, आप्पा,” ती म्हणाली.