रोग्याची भूमिका

“रोगी कौन बनेगा?” डॉक्टर श्यामसुंदरांनी तिसऱ्यांदा विचारलं. जबलपूरच्या त्या सभागृहात चाळीस आरोग्य कर्मचारी प्रशिक्षणाला आले होते आणि आता रोग्याशी कसं बोलावं याचं छोटं नाटक करून दाखवायचं होतं. भिंतीवर फलक होता, ‘मानसिक रोग में शर्म कैसी?’ आणि त्याच्याच खाली चाळीसही जण माना खाली घालून वहीत काहीतरी शोधत होते. नाटकातसुद्धा वेडं व्हायची कुणाची तयारी नव्हती.

शेवटी बरगीच्या नर्स अनसूयाबाईंनी हात वर केला. त्यांना स्वतःसाठीच औषध हवं होतं. सकाळपासून त्या डॉक्टरांना एकटं गाठायला बघत होत्या. ‘रोगी मी नुसत्या चालीवरून ओळखतो,’ असं डॉक्टरांनी भाषणात छातीठोकपणे सांगितलं होतं. बाई त्यांच्या पुढून चारदा चालून गेल्या होत्या. आता नाटकाच्या आडून का होईना, सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं.

समोर आरोग्य कार्यकर्ता म्हणून मलेरिया विभागाचे नीलकंठ भैया बसले. “बताइए दीदी, क्या तकलीफ है?”

बाईंनी सगळं सांगितलं. आठ महिने झाले, झोप नाही, जेवणाला चव नाही. रोज न्हाणीघरात नळ सोडून नुसती जमिनीवर बसून राहते, घरच्यांना वाटावं अंघोळ चालली आहे. मागच्या मंगळवारी नर्मदेच्या ग्वारीघाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. एका फुलवालीनं हाक मारली म्हणून मागे फिरले. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

“काम-धाम नहीं होगा, खाली बैठती होंगी, इसीलिए,” नीलकंठ भैयांनी तिथल्या तिथे निदान केलं. “सोमवार का व्रत रखिए, भजन मंडली में जाइए.” बाकी सगळ्यांच्या माना पसंतीनं हलल्या. नुकतीच पाच तास शिकून झालेली मंडळी ती!

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी घाईघाईनं उठून स्टीलचा डबा बाईंच्या हातात कोंबला. पहिलं बक्षीस.

“सर, ये नाटक नहीं था,” बाई म्हणाल्या.

त्यावर तर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाई अजून भूमिकेतून बाहेर आल्या नाहीत म्हणून कौतुक चाललं होतं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंना खुणेनं बाहेर व्हरांड्यात नेलं आणि मागून दार लोटून घेतलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्या लोकांत निदान एकाला तरी कळलं होतं.

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. घाम पुसला. मग घरच्या मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, ते नळ सोडून बसायचं आपल्या पुस्तकात कुठंच नाही. काहून लपवून राहिल्या? खरं सांगा, हे माझं तुम्हाला कोणी सांगितलं? बायको बोलली काय?”